वेणू बिनीवाले यांचे पुस्तक

"ही मी नव्हे," आपटीकरबाई म्हणाल्या.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चेहरा संगणकाच्या पडद्याला जवळजवळ टेकवला होता. मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

"हळदीचे रान," मी पुन्हा वाचून दाखवले. "कवितासंग्रह. येरळगावच्या वाचनालयात एक प्रत आहे. तुम्ही हेच सांगितलं होतं ना?"

"पुस्तक तेच आहे."

"मग?"

"लेखिका वाच."

मी वाचले. सौ. सुशीला दत्तात्रय आपटीकर. हरिपेठेत त्यांना सगळे याच नावाने ओळखत. त्यांच्या सभासद-कार्डावरही तेच होते. मला काही उलगडेना.

"हे पुस्तक सुशीलेनं लिहिलेलं नाही," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "सुशीलेला कविता येत नाहीत."

त्या वर्षी मी हरिपेठेत होतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या पाच गावांतल्या जुन्या वाचनालयांनी एकत्र येऊन एक पोर्टल उभारायचे ठरवले होते, आणि ते काम माझ्याकडे आले होते. पाचही ठिकाणच्या याद्या एका जागी आणायच्या, कुठल्याही गावच्या सभासदाला घरबसल्या शोधता यावे अशी सोय करायची, आणि त्याने मागितलेले पुस्तक दुसऱ्या गावाहून एसटीच्या पिशवीतून त्याच्या गावी पोचवायचे. कागदावर हे फार सुंदर दिसत असे. प्रत्यक्षात मी दिवसभर नावे जुळवीत बसे आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर परतताना मला वाटे, की आपण एक भव्य दरवाजा बांधतो आहोत आणि त्यातून कोणीच आत येणार नाही. मी परभणीचा. गावात ओळख नव्हती आणि ती करून घेण्याचा माझा स्वभावही नव्हता. ग्रंथपाल मगदूम मॅडम सोडल्या तर दिवसभरात माझ्याशी कोणी बोलत नसे, आणि त्यांच्याशीही मी बहुधा मानेनेच बोले.

पोर्टल सुरू होऊन आठवडा झाला होता. त्यावर काही शोधायला स्वतःच्या पायांनी आलेल्या आपटीकरबाई पहिल्याच. पांढरे सुती पातळ, खांद्याला कापडी पिशवी, पाठीचा कणा निवृत्तीनंतरही ताठ. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवले होते.

"म्हणजे दुसऱ्याच कोणाचं पुस्तक आहे का हे?" मी विचारले.

"वेणू नारायण बिनीवाले. येरळगावची. लग्नाच्या आदल्या वर्षी वडिलांनी छापून दिलं होतं." त्या जरा थांबल्या. "मीच ती. पण आता ती मी नाही, असं काहीतरी आहे. तुला कसं सांगू? लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीनं नवं नाव लिहितात, पाहिलं आहेस ना? सगळ्यांनी वाकून वाचलं. मीही वाचलं. तांदूळ दुसऱ्या दिवशी भटजींच्या शिध्यात गेले. नाव राहिलं."

मगदूम मॅडम आतून उठून काउंटरपाशी आल्या होत्या. "बाई, तुमचं पुस्तक आहे आणि इतकी वर्षं तुम्ही आम्हाला बोलला नाहीत?"

"प्रतच नव्हती, तर काय बोलू? माहेरच्या माळ्यावर गठ्ठे होते, ते वाळवीनं खाल्ले. एकदा शाळेची सहल येरळगावला नेली होती. मुलं बाहेर आइसफ्रूट खात होती, तेवढ्यात मी तिथल्या वाचनालयात शिरले. म्हटलं, वेणू बिनीवाले यांचं काही आहे का? तिथल्या मुलानं 'ब'चा खण ओढला, सगळी कार्डं पाहिली, आणि म्हणाला, बाई, अशी कोणी लेखिका नाही." त्या हसल्या. "मी म्हटलं, बरोबर आहे. आणि बाहेर येऊन मुलांची हजेरी घेतली."

"पण पुस्तक तर तिथंच होतं," मी म्हणालो.

"होतं. 'आ'च्या खणात. आत्ता कळलं मला. आमचे बापट मास्तर तेव्हा तिथं ग्रंथपाल होते. लग्नाला आले होते. अक्षता टाकून गेले असतील आणि दुसऱ्या दिवशी कार्डावरचं नाव बदललं असेल. 'सौ.' सकट. मान राखला माझा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला काय करावे ते सुचेना. बापट मास्तरांनी आदराने केलेला बदल आमच्या पोर्टलने तितक्याच आदराने उचलला होता आणि पाच गावांत पसरवला होता. पाचही वाचनालयांच्या बैठकीत नियमच झाला होता, की यादीत एका लेखकाचे एकच नाव ठेवावे आणि ते प्रचलित नाव असावे.

"हे बदलता येईल का?" बाईंनी मला विचारले.

मी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी दाराकडे पाहिले, कारण नेमके त्याच वेळी कार्यवाह भीमराव खराडे चपला काढून आत येत होते. गाव त्यांना अण्णा म्हणे.

"अरे वा, बाई! पोर्टल बघायला आला व्हय? बघा की! पाच वाचनालयं एका खिडकीत आणली आमच्या श्रीरंगनं. पोरगं बोलत न्हाई, पण काम करतंय."

"भीमा, इकडे ये. माझं नाव बदलायचं आहे."

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. ऐकताना ते खुर्चीवर बसले, आणि बाई उभ्या आहेत हे लक्षात येताच पुन्हा उठले.

"पण बाई, चुकलंय कुठं? तुमचंच नाव हाय. मानानं लिहिलंय."

"पुस्तकावर ते नाव नाही."

"ते जुनं झालं हो. आता वेणू बिनीवाले म्हणलं तर गावात कोण ओळखणार तुम्हाला?"

"कोणी नाही. म्हणूनच सांगते आहे."

अण्णा जवळ सरकले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि सरांचं काय? आपटीकर सर ह्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. तिकडं फोटो हाय त्यांचा. त्यांच्या नावाला आम्ही कात्री लावली, असं व्हायला नको. लोक मला विचारतील."

बाईंनी भिंतीवरच्या त्या फोटोकडे क्षणभर पाहिले. घरातल्या माणसाकडे स्वयंपाकघरातून वळून पाहावे, तसे.

"सरांचं नाव माझ्या रेशनकार्डावर आहे. पेन्शनच्या कागदावर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे, दाराच्या पाटीवर आहे. एका पुस्तकावर नसलं तर त्यांना काही कमी पडणार नाही. फार भला माणूस होता तो, भीमा. मला वेणू म्हणू नका, असं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. म्हणणारं कोणी राहिलंच नव्हतं."

वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसलेले दोन वाचक पान उलटायचे विसरून आमच्याकडे पाहत होते. अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी बोलावे, अशी मी नेहमी वाट पाहतो. त्या दिवशीही पाहिली. मग माझ्याच कानांना परका वाटावा असा माझा आवाज मी ऐकला.

"येरळगावला फोन करून विचारता येईल. पुस्तकावर काय छापलंय ते."

"कर की मग," मगदूम मॅडम लगेच म्हणाल्या. "स्पीकरवर टाक."

येरळगावचे ग्रंथपाल फोन तसाच टेबलावर ठेवून आत गेले. त्या रिकाम्या फोनमधून आम्हाला पंख्याची घरघर ऐकू येत होती, कोणीतरी लोखंडी शिडी ओढली तो आवाज आला, बराच वेळ गेला, आणि मग धाप लागलेला एक माणूस मोठ्याने वाचू लागला, "हां, मिळालं. वरच्या फळीवर होतं. हळदीचे रान. खाली लिहिलंय, कुमारी वेणू बिनीवाले. वे-णू. ऐकू येतंय का, मॅडम? वेणू बिनीवाले!"

बाईंनी टेबलाची कड धरली.

"येतंय," त्याच म्हणाल्या. "येतंय ऐकू."

फोन ठेवल्यावर मी अण्णांकडे न पाहता म्हणालो, "पुस्तकावर जे आहे तेच यादीत दिसायला हवं. आणि सुशीला आपटीकर म्हणून शोधलं तरी तेच पुस्तक पुढे येईल, अशी जोडणी मी करतो. म्हणजे कोणाचंच नाव जाणार नाही."

"समितीपुढं ठेवावं लागंल," अण्णा म्हणाले. "पाच गावांचा नियम हाय. पुढच्या महिन्यात बैठक."

"ठेव," बाई म्हणाल्या, आणि पिशवी खांद्यावर घेऊन निघाल्या. दारापाशी त्यांनी चपला घातल्या. एक पट्टा लागत नव्हता. त्या वाकून तो लावू लागल्या. अण्णा त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिले.

"बाई," ते एकदम म्हणाले, "चौथीत तुम्ही मला वर्गाबाहेर उभा केलता, आठवतंय?"

"बावीसचा पाढा आला नव्हता."

"अजून येत न्हाई."

"मग अजून बाहेर उभा राहा."

अण्णा खो खो हसले. हसताना त्यांनी माझ्या खांद्यावर असा हात मारला की मी टेबलावर आपटायचा राहिलो. "बदल रे बाबा. बैठकीत मी बघतो कोण काय बोलतंय ते."

मी बसलो आणि बदलले. तीन शब्दांचे काम होते. 'जतन करा' या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी मी मागे वळून पाहिले, तर बाई एका पायात चप्पल घालून परत माझ्या खुर्चीमागे आलेल्या.

पुस्तक चार-पाच दिवसांनी पिशवीतून आले. इतर पुस्तकांत ते हरवून जावे इतके लहान. मळकट पिवळे मुखपृष्ठ, त्यावर हळदीची पाने काढलेली, एका कोपऱ्याला शाईचा जुना डाग. बाईंनी ते काउंटरवर उघडले नाही. खिडकीजवळच्या बाकावर नेऊन मांडीवर ठेवले आणि खूप वेळ नुसता त्यावर हात ठेवून बसल्या. मी आडून पाहत होतो. आपण पाहू नये हे कळत असूनही पाहत होतो. मग त्यांनी पाने उलटायला सुरुवात केली, आणि मला अश्रू अपेक्षित होते तिथे हसू ऐकू आले.

"अगं बाई! मगदूम, ही ऐक. किती वाईट आहे ही! चंद्राला काय काय म्हटलंय मी!"

"दाखवा, दाखवा."

"मुळीच नाही." पुढच्या पानावर मात्र त्या थांबल्या. ओठ हलत होते. ती कविता त्यांनी मोठ्याने वाचली नाही आणि कोणाला दाखवलीही नाही. पुस्तक मिटून घेताना इतकेच म्हणाल्या, "ही बरी होती. पोरगी बरी लिहीत होती."

अण्णांनी झेरॉक्स काढून बाइंडिंग करून देण्याची तयारी दाखवली. बाईंनी मानेनेच नकार दिला. झेरॉक्स कपाटात पडून राहते, पुस्तकाने फिरावे, असे काहीसे त्या म्हणाल्या आणि रीतसर सभासद-कार्ड पुढे करून स्वतःचेच पुस्तक पंधरवड्यासाठी घरी घेऊन गेल्या. मुदत संपली तेव्हा आल्या आणि वाढवून घेतली. पुन्हा आल्या, पुन्हा वाढवून घेतली. दर वेळी पुस्तक त्यांच्या पिशवीत एका जुन्या रेशमी रुमालात गुंडाळलेले असे.

मला आता कामात थोडी गोडी वाटू लागली होती. पण त्याबरोबर एक उदासीही आली होती. मला वाटे, या सगळ्या यंत्रणेतून शेवटी एकच पुस्तक एकाच माणसाकडे गेले आणि तिथेच थांबले. एका बाईंना त्यांचे पुस्तक मिळाले, हे चांगलेच झाले. पण ज्याने लिहिले त्याच्याच घरी जाऊन पडलेल्या पुस्तकाला वाचक मिळाला असे कसे म्हणावे? येरळगावचे ग्रंथपाल धरून वेणू बिनीवालेला आता ओळखणारे आम्ही चार जण होतो, आणि चौघांपैकी एकानेही तिची एकही कविता वाचली नव्हती.

मग एका सकाळी मगदूम मॅडमनी मला हाक मारली. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"श्रीरंग, हे बघ. हळदीचे रानला नंबर लागलाय."

पोर्टलवर एखादे पुस्तक बाहेर गेलेले असले तर त्याच्यासाठी रांगेत उभे राहण्याची सोय होती. त्या बटणावर मी आधी 'आरक्षण' लिहिले होते. आरक्षण म्हटले की लोकांना एसटी आठवते नाहीतर नोकरी, असे म्हणून मॅडमनीच ते 'नंबर लावा' करून घेतले होते. बोरबनच्या वाचनालयाच्या कोणा सभासदाने पहाटे केव्हातरी ते दाबले होते. अश्विनी तांबवेकर. मॅडमना नाव अनोळखी होते, मलाही.

"आता बाईंना मुदत वाढवून देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "रांगेत माणूस असला की पोर्टल नाहीच म्हणतं. तूच तसं बनवलंयस."

"हो."

"शनिवारी परत द्यावं लागेल. एकच प्रत. इतक्या वर्षांनी हातात आलंय त्यांच्या." त्या पेनच्या टोपणाशी चाळा करू लागल्या. "मला नाही जमायचं सांगायला. माझ्या मुलीला शिकवलंय त्यांनी. तू जा."

"मी?"

"तुला रद्दही करता येत असेल तो नंबर. येतो ना? बोरबनला कोणाला कळणार आहे?"

त्या अर्धवट थट्टेत बोलत होत्या, पण मी खरोखरच संगणकापाशी जाऊन बसलो. दोन वेळा बटण दाबले की अश्विनी तांबवेकरचे नाव त्या रांगेतून नाहीसे झाले असते. तिला वाटले असते, आपलेच काही चुकले. तिने कदाचित पुन्हा पाहिलेही नसते. मी त्या नावाकडे बराच वेळ पाहिले, आणि मला येरळगावचा तो मुलगा दिसू लागला, कार्डे चाळून मान हलवणारा. मी संगणक बंद केला आणि चपला घातल्या.

बाईंचे घर तळ्याच्या पलीकडच्या आळीत होते. वाटेत मी वाक्ये जुळवीत होतो. नियमानुसार. नाइलाजाने. काही दिवसांतच पुन्हा तुमच्याकडे. एकही वाक्य तोंडातून नीट बाहेर पडेल असे वाटत नव्हते. दार उघडेच होते. बाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या.

"अरे, तू? ये, बैस. चहा टाकते."

"नको, बाई. मी ते... पुस्तकाबद्दल आलो होतो."

त्यांचे हात थांबले. "फाटलंय का कुठं? मी तर रुमालात ठेवते."

"नाही, नाही. शनिवारी मुदत संपते आहे. या वेळी वाढवता येणार नाही. म्हणजे नियम तसा आहे. कारण त्याला नंबर लागला आहे."

"कशाला?"

"पुस्तकाला. बोरबनच्या एका सभासदानं नंबर लावला आहे."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता त्या काही बोलणार नाहीत, आत जातील, पुस्तक आणून माझ्या हातात ठेवतील आणि दार लोटून घेतील. आणि मी जन्मभर या आळीतून मान खाली घालून जाईन.

"माझ्या पुस्तकाला?" त्यांनी विचारले. "कोणीतरी मागितलं?"

"हो."

"नाव काय?"

"अश्विनी तांबवेकर."

"माझ्या शाळेतली नाही ही. कोण असेल?" मग त्यांनी डोळे बारीक केले. "श्रीरंग, खरं सांग. तू तर कोणाला सांगून हे केलं नाहीस? मला बरं वाटावं म्हणून?"

"आईशप्पथ नाही, बाई."

"मगदूमनं?"

"त्या तर नंबर रद्द कर म्हणत होत्या."

हे मी सांगायला नको होते, पण तोंडातून गेले. आणि बाई हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, वालाचे ताट बाजूला सारले, उठल्या, आणि आतून तो रुमाल घेऊन आल्या.

"शनिवारपर्यंत आहे मुदत," मी घाईने म्हणालो. "अजून तीन दिवस तुम्ही ठेवू शकता. मी फक्त कळवायला आलो होतो."

"अरे, तीन दिवस ती तिकडे वाट बघत बसेल ना!" त्यांनी रुमाल सोडवून पुस्तक माझ्या हातात दिले. मग परत घेतले, मुखपृष्ठावरून एकदा पदर फिरवला, आणि पुन्हा दिले. "पिशवी किती वाजताच्या एसटीनं जाते?"

"बाराच्या."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "मिळेल. निघ."

पुस्तक हातात घेऊन मी तसाच उभा होतो. माझ्या दरवाजातून कोणीच आत येणार नाही ही जी भीती त्या गावात आल्यापासून मला कोणाला सांगता आली नव्हती, ती त्या ओटीवर कोणीतरी न विचारताच पुसून टाकली होती, आणि त्याबद्दल आभार कसे मानावेत हे मला कळत नव्हते. आजही नीटसे कळलेले नाही. त्यानंतर मी कितीतरी मोठी कामे केली, मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांची. पडद्यावर कुठेही कोणाचेही नाव रांगेत उमटले, की त्या सकाळचे उपकार आठवतात.

"बाई, मला..." मी सुरुवात केली. "तुम्ही चहा म्हणाला होता. तर थोडा वेळ..."

"चहा कसला पितोस!" आपटीकरबाईंनी मला खांद्याला धरून पायरीवरून खाली उतरवले. "चहा नंतर. जन्मभर पी. आधी जा, पळ, गाडी चुकेल!"

मी पळालो. आळीच्या वळणावरून मागे पाहिले, तर त्या ओटीच्या कडेला येऊन दोन्ही हातांनी मला पुढे हाकलत होत्या. इतक्या आनंदाने मला कोणी कधी दारातून घालवून दिलेले नाही.